वर्ख टिकतो तो खालच्या थरावर

मित्रहो, मिलानमधल्या एका जुन्या डिस्टिलरीचं ‘फोंदात्सिओने प्रादा’ हे कलासंकुल झालं आणि २०१५ साली ते खुलं झालं. वास्तुकार रेम कूलहास यांच्या ओएमए या वास्तुरचना संस्थेने तिथली एक अगदी साधी इमारत बाहेरून २४ कॅरेट सोन्याच्या वर्खाने मढवली. ऐकणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. पण हिशेब मांडून बघा. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाइतकी असते; म्हणजे एका चौरस मीटरला लागतं जेमतेम दोन ग्रॅम सोनं. खरा खर्च येतो परांची, मजुरी आणि भिंत तयार करण्याचा. नेमकी तिथेच आपल्याकडे काटकसर होते, याचं मला फार वाईट वाटतं.

शुद्ध सोनं उन्हापावसात काळवंडत नाही. कस उतरला की मात्र त्यातलं तांबं-चांदी काळं पडू लागतं, म्हणून बाहेरच्या कामाला २३ कॅरेटच्या खाली जाऊ नये. पितळी वर्खाचा तर विचारच नको.

आता खालचा थर. वर्ख चिकटतो जवसाच्या तेलापासून केलेल्या चिकट लेपावर. काँक्रीट अल्कधर्मी, म्हणजे क्षारयुक्त असतं. ओलाव्यासोबत तो क्षार वर आला की तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि वर्ख सुटतो. त्यामुळे आधी काँक्रीट पुरतं वाळू द्यायचं, मग क्षाराला दाद न देणारा प्रायमर मारायचा. लोखंडाचं दुखणं वेगळं. वर्खात बारीक छिद्रं असतातच. त्यातून खारं पाणी शिरलं, की सोन्याच्या सहवासात लोखंड उलट जास्तच झपाट्याने गंजतं आणि गंज फुगून वर्ख उचलतो. मुंबई-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या कोलोरॅडो विधानभवनाच्या घुमटावर १९०८ साली सोनं चढलं. या शतकात तिथे ओतीव लोखंडाचे भाग निखळू लागले. आधी त्यांची दुरुस्ती करावी लागली आणि मगच २०१३ मध्ये नवा वर्ख बसला.

लेप लावल्यावर घाई नको. जाणता कारागीर बोटाचं पेर उलटं टेकवून बघतो. पेर सुटताना हलकासा ‘टक’ आवाज आला आणि लेप बोटाला लागला नाही, तर वेळ झाली. आधीच वर्ख टाकला तर सोनं लेपात बुडून निस्तेज होतं. उशीर केला तर धरतच नाही. उंचावर वारा असतो, सुटा वर्ख हातात राहत नाही. तिथे पातळ कागदावर दाबून बसवलेला वर्ख घ्यावा.

आणि वरून रोगण नको. रोगण उन्हाने पिवळं पडतं, सोलवटतं आणि सोलताना सोनंही घेऊन जातं. हात लागेल असा कठडा किंवा दरवाजा असेल तरच ते द्यावं, आणि ते ठरावीक काळाने पुन्हा करण्याची तरतूद कंत्राटातच लिहून घ्यावी.