काळ्या पाषाणातली फळे

रावेर-यावलच्या केळीबागांच्या उत्तरेला सातपुड्याची जी रांग दिसते, तीच पूर्वेकडे जात जात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यापर्यंत पोहोचते. खानदेशचा काळा पाषाणही तिकडच्या पाषाणाचाच भाऊबंद आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर साचत होते. दोन थरांच्या मधल्या शांत काळात तळी तयार होत आणि त्यांच्या काठी झाडे वाढत. त्या झाडांची फळे तळ्यात पडली, पाण्यातील सिलिका त्यांच्या पेशींमध्ये मुरली आणि चर्ट नावाच्या कठीण दगडात ती जशीच्या तशी गोठली. छिंदवाड्यातील मोहगाव कलान हे गाव अशा फळांसाठी पुरावनस्पतिशास्त्रज्ञांना, म्हणजे जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासकांना, चांगले परिचित आहे.

या फळांना ओळखायचे कसे? बाहेरच्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही, कारण गोल किंवा लांबट फळ शेकडो कुळांत आढळते. म्हणून दगड कापावा लागतो. कापलेला पृष्ठभाग हायड्रोफ्लुओरिक आम्लाने किंचित खरवडला की सिलिका विरघळते आणि पेशीभित्ती उठून दिसतात. मग अॅसिटोन लावून त्यावर अॅसिटेटची पातळ फिल्म बसवली जाते आणि वाळल्यावर ती सोलून काढतात. पडद्यावर दिसणारी आकृती अशाच एका फिल्मवरची आहे. अंडाशयाला कप्पे किती, बिया मधल्या अक्षाला चिकटल्या आहेत की भिंतीला, फलभित्तीतील अश्मपेशींचा, म्हणजे जाड भिंतीच्या टणक पेशींचा, थर कुठे आहे, बीजावरणाचे स्तर किती, हे प्रश्न येथे सुटतात.

पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९४३ मध्ये वर्णन केलेले एनिग्मोकार्पॉन हे जीवाश्म फळ याचे उत्तम उदाहरण होय. साधारण आठ कप्पे, मधल्या अक्षावर रांगेने लागलेल्या अनेक बिया, सच्छिद्र फलभित्ती आणि कप्प्यांच्या पाठीवर उकलणारे फळ, या साऱ्या लक्षणांचा मेळ आज मेंदीच्या कुळाशी बसवला जातो. डाळिंब, शिंगाडा आणि सातपुड्यात फुलणारी धायटीही याच कुळातली. त्याच दगडांत सापडलेल्या एका फुलाला साहनियँथस असे वेगळे नाव आहे. ते याच झाडाचे मानले जाते, तरी फूल, फळ, खोड आणि पान एकमेकांना जोडलेले सापडेपर्यंत त्यांची नावे वेगळीच ठेवण्याची शिस्त पाळली जाते. ही शिस्त किचकट वाटली तरी ती योग्यच आहे.

मोहगाव कलानच्याच एका फळाला केळीच्या प्रजातीचे नाव मिळाले आहे, आणि खानदेशी प्रेक्षकाचे कान येथे टवकारणे साहजिकच आहे. मात्र आपल्या बागेतले बसराई किंवा ग्रँड नैन जातीचे केळे तुलनेला उपयोगी नाही, कारण त्यात बिया धरत नाहीत, काळे ठिपके तेवढे उरतात. तुलना करायची ती सह्याद्रीच्या कड्यांवरील रानकेळीशी, जिच्या फळात टणक काळ्या बिया खच्चून भरलेल्या असतात. केळीच्या बीला टोकाशी झाकण असते, त्याभोवती बीजावरणाची कड असते आणि दुसऱ्या टोकाला पोकळी असते. ही लक्षणे कापात दाखवता आली तरच केळीचे नाव टिकते. फळ लांबट आहे एवढ्यावर ते टिकत नाही.

द्राक्षकुळाची ओळखही अशीच बीमध्ये दडलेली असते. पोटाच्या बाजूला दोन खाचा आणि पाठीवर एक ठसा, हे त्या कुळाचे अचूक लक्षण. दख्खनच्या चर्टमधील अशा बिया असलेल्या फळांना २०१३ मध्ये इंडोव्हायटिस हे नाव देण्यात आले आणि जातीच्या नावातून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ श्यामला चितळे यांचा गौरव झाला. द्राक्षकुळाच्या ज्ञात फळांपैकी ही सर्वांत जुनी म्हणून वर्णन केली गेली.

करवतीने कापताना पात्याच्या जाडीइतका भाग मात्र कायमचा नष्ट होतो, आणि नमुना एकच असेल तर ही किंमत मोठी आहे. आता क्ष-किरणांच्या सूक्ष्म सीटी स्कॅनने दगड न फोडता आतील त्रिमित रचना पाहता येते. २०१९ मध्ये याच पद्धतीने, काही नमुन्यांचे प्रत्यक्ष कापही तपासून, हायफिनिओकार्पॉन या ताडकुळातील फळाचा नव्याने अभ्यास झाला. कवचातील अंकुराचे छिद्र कोणत्या टोकाला आहे, तंतू कसे पसरले आहेत, हे पाहून त्याचे स्थान आपल्या नेहमीच्या ताडाच्या गटात आणि त्यातही फांद्या फुटणाऱ्या डूम ताडाच्या शाखेत ठरले. म्हणजे दख्खनचा लाव्हा अजून वाहत असताना ही शाखा वेगळी झालेली होती.