गामाला वाट दाखवली कोणी?

हा कप्पडचा किनारा, कोळीकोडच्या म्हणजे जुन्या कालिकतच्या थोडा उत्तरेला. आणि हा तो दगडी खांब, वास्को द गामा 1498 साली इथं उतरला असं त्यावर कोरलंय, लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात. पण गामाच्या माणसांपैकी जमिनीवर आधी पाठवला गेला तो एक शिक्षा झालेला कैदी. असे कैदी ते मुद्दाम सोबत आणायचे, अनोळखी जागी आधी त्यांना सोडायचं. आणि त्या कैद्याला शहरात भेटले कोण, तर ट्युनिसचे दोन मुसलमान, चक्क स्पेनची भाषा बोलणारे! तू इथं कसा काय आलास बाबा, हाच त्यांचा पहिला प्रश्न.

आपण शाळेत घोकलं, गामानं भारताचा शोध लावला. अहो, या बंदरात अरब, गुजराती, चिनी माल कितीतरी आधीपासून उतरत होता. गामानं काय केलं ते नीट सांगू या, युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून थेट इथवर जहाजं आणली, आणि ते काम सोपं नव्हतंच. 8 जुलै 1497 ला लिस्बनहून 4 जहाजं निघाली, माणसं साधारण 170.

आता हा भाग नीट बघा, कारण खरी गोष्ट इथं आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मालिंदी. गामा पोचला तेव्हा इथं भारतीयांची 4 जहाजं आधीच उभी होती. पुढे खुला समुद्र, म्हणून त्यानं मालिंदीच्या राजाकडून वाटाड्या मागून घेतला. हा वाटाड्या म्हणजे अरबांचा थोर दर्यावर्दी इब्न माजिद असं बऱ्याच ठिकाणी छापून येतं, पण ती गोष्ट मक्केच्या एका इतिहासकारानं कित्येक वर्षांनी लिहिलेली, गामानं त्याला दारू पाजून वाट काढून घेतली म्हणे. कच्छमध्ये तो आपला कानजी मालम असं सांगतात. पोर्तुगीज इतिहासकार मात्र त्याला गुजरातचा मुसलमान म्हणतात, नाव देतात मालेमो काना. मालम म्हणजे जहाजाला दिशा देणारा, त्यामुळे हे नाव कमी आणि हुद्दा जास्त वाटतो.

त्याच्या हातात काय असेल ते हे. लाकडाची छोटी फळी, मधून ओवलेली दोरी, दोरीला गाठी. याला कमाल म्हणतात. दोरी दातात धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची, वरची कड ध्रुवताऱ्याला, आणि फळी पुढे-मागे करत दोन्ही जुळल्या की दातात कितवी गाठ आली ते मोजायचं. प्रत्येक बंदराची गाठ ठरलेली. तारा तेवढ्याच उंचीवर राखत पूर्वेला जात राहिलं की बंदर समोर येतंच, एवढं साधं आणि एवढं हुशारीचं. गामानं आपलं सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं खगोलयंत्र काढून दाखवलं तर मालमाला त्याचं काहीच नवल वाटलं नाही असं खुद्द पोर्तुगीजांनीच लिहून ठेवलंय.

आणि वारा. 24 एप्रिलला निघाले, पावसाळ्याआधीचा नैऋत्येचा वारा पाठीशी होता, साधारण 23 दिवसांत मलबारचे डोंगर दिसले. परतताना मालमांचं वेळापत्रक पाळलं नाही. ऑगस्टच्या शेवटी कालिकत सोडलं, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबून 5 ऑक्टोबरला निघाले. आपल्या कोळ्यांच्या होड्या नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात जातात हे खरं, पण आफ्रिका गाठायची तर ईशान्येचा वारा नीट सुरू होईपर्यंत थांबावं लागतं. तोच समुद्र, तेच अंतर, आणि लागले जवळजवळ 3 महिने. हिरड्या सुजून, स्कर्व्हीनं 30 माणसं त्याच टप्प्यात गेली, जहाज हाकायला माणसं उरेनात म्हणून साओ राफाएल हे जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळून टाकावं लागलं.

1502 च्या दुसऱ्या फेरीत गामानं मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं मीरी हे जहाज बायका-मुलांसकट जाळलं, काही शे माणसं मेली.

ही ओल्ड गोव्याची कमान, मांडवीकडून आलं की वर गामाचा पुतळा दिसतो. गोवा मात्र जिंकला अफोन्सो द अल्बुकर्कनं, 1510 मध्ये. ही कमान उभारली ती गामाच्या पणतूनं, तो तेव्हा इथला व्हाइसरॉय होता.

आणि हे कोचीचं सेंट फ्रान्सिस चर्च. 1524 च्या नाताळच्या आदल्या दिवशी गामा कोचीत वारला, त्याला इथं पुरलं. फरशीतली ही शिळा, भोवती कठडा. अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या, खाली आता काही नाही.