गुरुवारची दहाची बॅच

श्रोतेहो, नमस्कार.

सामूहिक व्यायामाचे स्टुडिओ आता केवळ मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. तालुक्याच्या गावीही एखाद्या मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर किंवा बँकेशेजारच्या गाळ्यात आरसे लावलेला हॉल दिसतो आणि बाहेर ‘झुंबा, एरोबिक्स, योगा’ अशी पाटी असते. अशा स्टुडिओत जाणाऱ्यांशी, विशेषतः कर्वेनगरमधील ज्या स्टुडिओची मी सभासद आहे तेथील मैत्रिणींशी बोलताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा ऐकू आली, आणि आज मी तीच आपल्यापुढे ठेवणार आहे. माणसे तेथे येतात ती वजन उतरावे म्हणून. पण टिकतात ती शेजारच्या माणसामुळे. येतात वजनासाठी, टिकतात शेजारणीसाठी.

आमच्या बॅचमधील बहुतेकींनी आधी घरी व्यायाम करून पाहिलेला आहे. कोणाच्या घरी ट्रेडमिलवर टॉवेल वाळत आहेत, तर कोणाची योगासनांची चटई कपाटावर गुंडाळून ठेवलेली आहे. स्टुडिओत मात्र प्रत्येकीची रांगेतील जागा न सांगता ठरलेली असते, आणि ती जागा दोन दिवस रिकामी दिसली की ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘काकू, बऱ्या आहात ना?’ बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासद मला म्हणाल्या की, नोकरी सुटल्यापासून आपण कुठे वेळेवर पोहोचलो नाही तर कोणाचे काही अडते, असे वाटण्याचे हे एकच ठिकाण उरले आहे. पहिला आठवडा मात्र सर्वांचीच परीक्षा पाहतो. सवय नसलेल्या स्नायूंचे दुखणे साधारणपणे एक ते तीन दिवसांत सर्वाधिक जाणवते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि ‘हे आपल्याला झेपायचे नाही’ असा विचार नेमका तेव्हाच येतो. त्या दिवशी जी येते, ती बहुधा पुढेही येत राहते. आणि ती येते, कारण शेजारीणही कठडा धरूनच वर आलेली असते.

सोबतीने माणसाचा जोर वाढतो, हे निरीक्षण जुनेच आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सायकल शर्यतींतील वेळांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात एकट्याने घड्याळाविरुद्ध धावणाऱ्यांपेक्षा इतरांच्या बरोबर धावणारे सायकलपटू वेगवान असल्याचे आढळले होते. शास्त्राचे एवढे पुरे. कारण मला जो प्रसंग सांगायचा आहे, तो वेळ खाणारा आहे.

पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार असतो, हे पुणेकर श्रोत्यांना सांगायला नको. कधी पाणी नसते, तर कधी वीज नसते. आमची दहाची बॅच म्हणजे मुलांची शाळा, डबे आणि धुणे आटोपून आलेल्या बायकांची. शिकवणारे ट्रेनर जेमतेम पंचविशीचे आहेत. आम्ही त्यांना ‘सर’ म्हणतो आणि ते आईच्या वयाच्या सभासदांना ‘मॅम’ म्हणतात. त्या गुरुवारी गाणे ऐन रंगात असताना स्पीकर टक् करून बंद पडला, पंखे गरगरत थांबले आणि आम्ही तिघी-चौघी हात वर केलेल्या अवस्थेतच उभ्या राहिलो. सरांनी मोबाइलवर गाणे लावून पाहिले, पण त्याचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचेना. त्यांची प्रत्येक स्टेप गाण्याच्या ओळीला बांधलेली असल्यामुळे गाणे गेले तशी स्टेपही गेली. ‘मॅम, पाच मिनिटं थांबू या,’ असे ते म्हणेपर्यंत बायका पिशव्यांकडे वळल्यासुद्धा होत्या. ‘चला, निदान भाजी तरी घेऊन जाऊ,’ असे कोणीतरी म्हणाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून दोन टाळ्या वाजल्या आणि आवाज आला, “रांग मोडू नका!”

तो आवाज बाईंचा होता. बाईंचे वय सत्तरीच्या घरात आहे. गुडघ्यांमुळे त्या उड्या न मारता जागच्या जागी पावले टाकतात, वर्गात फारसे बोलत नाहीत, आणि सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषदेच्या शाळेतून त्या निवृत्त झाल्या, यापलीकडे आम्हाला काही माहीत नव्हते. त्या शाळेत पी.टी. शिकवत असत, हे त्या क्षणी सर्वांना समजले, कारण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचण्यासाठी कमावलेला तो आवाज हॉलच्या भिंतींत मावत नव्हता. (येथे एक सांगितल्यावाचून राहवत नाही: परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला देऊन टाकण्याची जी रीत आपल्या शाळांत आहे, तिच्यापायी मुलांचे गणित तर सुधारत नाहीच, वर पाठीला पोकही येते.) भाजीला निघालेल्या बायका आपोआप रांगेत परतल्या. बाई पुढे येऊन सरांना म्हणाल्या, “सर, पाच मिनिटं मला द्या,” आणि आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, “लेझीम कोणाकोणाला येते?”

निम्म्याहून अधिक हात वर गेले. लेझीम म्हणजे काय, हे या कार्यक्रमाच्या श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्याकडे अर्थातच लेझीम नव्हती, पण बाईंनी ‘चार आवाज’ असे म्हणताच बायकांच्या मुठी अशा वळल्या, जणू एका हातात दांडा आणि दुसऱ्या हातात साखळी आहे. शाळा सुटून तीस-तीस वर्षे झालेल्या बायकांचे हात तो प्रकार विसरले नव्हते. फक्त ठेका नव्हता. बाईंची नजर कोपऱ्यातील फरशी पुसण्याच्या बादलीवर गेली. “ही कोण वाजवेल?” असे त्यांनी विचारले आणि काही क्षण कोणीच पुढे आले नाही.

मग नागपूरहून नोकरीसाठी आलेली ती मुलगी पुढे झाली. वर्ग सुरू होईपर्यंत कानांतून इअरफोन न काढणारी, खांबाजवळच्या जागेवर उभी राहणारी आणि वर्ग संपताच कोणाशीही न बोलता निघून जाणारी ही मुलगी, तिचे नाव आमच्यापैकी अनेकींना ठाऊकही नव्हते. “मी ढोल पथकात होते,” एवढेच ती म्हणाली, बादली पालथी घालून तिने मांडी घातली आणि असा काही ठेका धरला की खालचा वॉचमन काय झाले ते पाहायला जिना चढून वर आला. बाई मोजत होत्या, “एक, दोन, तीन, चार,” आणि आम्ही पुढे, मागे, खाली वाकून, वर उठून मोजणी झेलत होतो. गुडघ्यांमुळे बाई स्वतः जागच्या हलल्या नाहीत, तरी कोणाचा पाय चुकतो आहे हे त्यांना पाठीमागूनही दिसत असावे. सर आमच्या रांगेत येऊन उभे राहिले होते, आणि त्यांचा डावा पाय पुढे पडताच बाईंनी सुनावले, “सर, उजवा पाय. उजवा!” एरवी हेच वाक्य सर आम्हाला रोज ऐकवत असल्यामुळे जो हशा उसळला, त्यात दोन मोजण्या वाया गेल्या.

पाच मिनिटांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मधेच वीज आली, पंखे फिरू लागले आणि अर्धवट राहिलेले ते गाणे स्पीकरमधून भसकन सुरू झाले, तेव्हा पहिल्या रांगेतून एकजण ओरडल्या, “अहो, बंद करा ते!” आणि सरांनी धावत जाऊन ते बंद केले.

हे जमले कसे, याचे उत्तर सोपे आहे. एरोबिक्सच्या वर्गात पावले आठाच्या मोजणीत बसवलेली असतात, लेझमीचे चार आवाज दोनदा घेतले की आठच होतात, आणि आपला केरवा तालही आठ मात्रांचाच आहे. झुंबाचा उगमही असाच अडचणीतून झाला, असे सांगतात. १९९० च्या दशकात कोलंबियातील काली शहरात आल्बेर्तो पेरेझ नावाचा तरुण एरोबिक्सच्या वर्गाची कॅसेट घरी विसरला, म्हणून त्याने जवळ असलेल्या साल्सा आणि मेरेंगेच्या गाण्यांवर वर्ग घेतला. आणि रांगेत उभे राहून एका मोजणीवर व्यायाम करणे आपल्याला कोणी परदेशातून येऊन शिकवावे, असेही नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती.

नागपूरची ती मुलगी आता खांबाजवळ उभी राहत नाही. गेल्या महिन्यात तिला ताप आला, तेव्हा आमच्या बॅचमधून तिच्याकडे मऊ भाताचे तीन डबे एकाच दिवशी पोहोचले.

सभासदांच्या तक्रारीही आहेत, आणि त्या रास्त आहेत. पहिली तक्रार आवाजाची. शेजारणीचे बोलणे ऐकू येण्यासाठी तिला ओरडावे लागत असेल, तर आवाज कमी करायला सांगण्यात संकोच बाळगू नये. दुसरी तक्रार फरशीची. थेट टाइल्सवर उड्या मारायला लावणाऱ्या हॉलपेक्षा लाकडी किंवा रबरी थर असलेला हॉल गुडघ्यांना बरा. तिसरी वर्षाच्या फीची. पाडव्याच्या किंवा एक जानेवारीच्या ‘ऑफर’ला भुलून वर्षाचे पैसे एकदम भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पैसे आधी भरल्याने पाय स्टुडिओकडे वळतात असा अनुभव मला तरी कोणी सांगितलेला नाही. पाय वळतात ते शेजारणीमुळे, हे मी पुन्हा सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम त्यात असावा. मध्यम श्रम म्हणजे किती, तर व्यायाम करताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतके. छातीत दुखले, चक्कर आली किंवा सांधा अचानक दुखू लागला, तर थांबावे. अशा वेळी रांग मोडली तरी चालते, आणि हे बाईंनाही मान्य आहे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर नाव घालण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

नाव घालण्याआधी एक वर्ग बाकावर बसून पाहू द्यावा, अशी विनंती स्टुडिओला जरूर करावी. पाहताना पहिल्या रांगेकडे लक्ष देऊ नये, ती सर्वत्र चांगलीच नाचते. मागच्या रांगेत कोणाचे गुडघे दुखत आहेत, कोण नवी आहे, आणि ट्रेनर त्यांच्यापर्यंत चालत जातात की आरशात स्वतःकडेच पाहत शिकवतात, हे पाहावे. वर्ग सुटल्यावर त्या मागच्या रांगेतील कोणालाही गाठून तेथील अनुभव विचारावा. माहितीपत्रकात नसलेले सर्व काही ती जिना उतरता उतरता आपल्याला सांगेल.

नमस्कार.