खोलीत बसून मैदानासाठी

मंडळी, आज ज्या रेकॉर्डबद्दल बोलायचं आहे, ती आपल्याच नाशिकच्या, पंचविशीही न गाठलेल्या एका मुलानं केली आहे. तो मागच्या रांगेत बसला आहे. नाव घेऊ नका म्हणाला, म्हणून घेत नाही. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात, एक गिटार, एक मायक्रोफोन आणि लॅपटॉप एवढ्यावर हे काम झालंय. मागे कुठली कंपनी नाही. आठ गाणी, सगळी मराठीत, आणि सगळी ऐंशीच्या दशकातल्या अरीना रॉकच्या घाटाची, म्हणजे स्टेडियममधल्या शेवटच्या पायरीवरच्या माणसापर्यंत पोचायला केलेली.

रेकॉर्ड ऐकून काही जाणकार मला म्हणाले, घरात दार लावून केलेलं मैदानी संगीत हे मुळातच खोटं. मला हे अजिबात पटत नाही. १९७६ साली अमेरिकेत ‘बॉस्टन’ या बँडची पहिली रेकॉर्ड आली. टॉम शोल्झ हा त्यातला मुख्य माणूस. एमआयटीत शिकलेला, पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारा इंजिनिअर. त्या रेकॉर्डचा बराचसा भाग त्यानं घराच्या तळघरात, बहुतेक वाद्यं एकेक करून स्वतः वाजवत ध्वनिमुद्रित केला. तिच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. पुढे याच शोल्झनं ‘रॉकमन’ नावाचं छोटं यंत्र बाजारात आणलं. गिटारची वायर त्यात लावायची, हेडफोन कानाला लावायचे, शेजाऱ्याला पत्ता नाही. १९८७ साली आलेल्या, डेफ लेपर्ड या ब्रिटिश बँडच्या ‘हिस्टेरिया’ या रेकॉर्डवरच्या त्या अवाढव्य गिटारी बहुतांशी याच यंत्रातून निघाल्या आहेत. म्हणजे मैदानाचा आवाज पहिल्यापासूनच बंद खोल्यांत घडत आला आहे.

आता या मुलाचं दुसरं गाणं घ्या. सुरुवातीलाच ड्रमचा ठोका पडतो, तो छातीवर येतो. हे कसं होतं ते समजायला सगळ्यांनी एकदा टाळी वाजवा. वाजवलीत? टाळी संपली तरी नाद या सभागृहात थोडा रेंगाळला आणि विरत गेला. हाच रेंगाळणारा नाद दाबून, फुगवून मोठा केला आणि विरायला लागायच्या आत एका झटक्यात तोडला, तर? ठोका प्रचंड होतो, आणि त्याच्या पाठोपाठ एकदम शांतता. याला गेटेड रिव्हर्ब म्हणतात. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएल या इंग्लिश गायकाच्या १९८० च्या रेकॉर्डचं काम चाललं होतं, ड्रमवर फिल कॉलिन्स, ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम. वादकांनी आतून काही बोललं तर बाहेर ऐकू यावं म्हणून खोलीत एक माइक होता. त्यावर जबरदस्त कॉम्प्रेशन होतं, म्हणजे मोठा आवाज दाबायचा आणि बारीक आवाज वर काढायचा. त्या बोलण्याच्या माइकमधून ड्रम ऐकू आला आणि सगळे चमकले. पुढची दहा वर्षं जगभरचे ड्रम असेच वाजले.

कीबोर्डबद्दल फार सांगत बसत नाही. १९८३ साली यामाहाचा डीएक्स सेव्हन आला, त्याचा तो काचेसारखा स्वच्छ, घंटांचा आवाज तुम्ही हिंदी सिनेमातही भरपूर ऐकलाय. आज तो लॅपटॉपमध्ये मिळतो. या मुलानं तो जपून वापरला आहे, ही मला मोठी गोष्ट वाटते. ऐंशीचा नुसता मुलामा द्यायचा असता तर तो प्रत्येक गाण्यात ओतला असता.

खरं मर्म मुखड्यात आहे. अरीना रॉकचा मुखडा गायकाचा नसतो, समोरच्यांचा असतो. पाचव्या गाण्यात मुखडा यायच्या आधी तो सगळी वाद्यं काढून घेतो. फक्त बेस गिटार आणि हायहॅट, म्हणजे ड्रमकिटमधली झांजांची जोडी. मग दोन मात्रांची पोकळी, आणि एकदम पन्नास गळे! ते पन्नास नाहीत. त्याची आई, बहीण, चार मित्र आणि सोसायटीचे वॉचमन काका, सगळ्यांना त्यानं खालच्या पार्किंगमध्ये उभं केलं, दर वेळी माइकपासून वेगळ्या अंतरावर, आणि पुन्हापुन्हा गाऊन घेतलं. हेडफोन लावून ऐका. डावीकडून एक जाडा आवाज किंचित उशिरा येतो. तो काढून टाकला नाही, हे फार छान केलं. क्वीन या ब्रिटिश बँडनं १९७७ साली ‘वी विल रॉक यू’ या गाण्यामध्ये हेच केलं होतं. मोजकी माणसं, पाय आपटणं आणि टाळ्या, त्याचे अनेक थर, आणि प्रत्येक थराला वेगवेगळा उशीर, म्हणजे माणसं दूरवर पसरून उभी आहेत असं कानाला वाटावं. ती युक्ती त्यांचा गिटारवादक ब्रायन मे याची. तो भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता.

आणि हे आपलं संगीत नव्हे असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, विष्णु दिगंबर पलुस्करांनी याच नाशिकात रामनामाचा आश्रम काढला, त्यांची ‘रघुपती राघव’ची चाल घेऊन दांडीच्या वाटेवर माणसं चालली, ती चाल काय एकट्यानं गायची होती? सुरांची धाव बेताची, शब्द सोपे, आणि शेवट लांब स्वरावर, कच्च्या गळ्यालाही धरता येईल असा. जमावाला गायला लावणं हे मोठं शास्त्र आहे आणि ते आपल्याला परकं नाही.

याच कसोटीवर सहावं आणि सातवं गाणं मला कमी पडलेलं वाटतं. मुखडा इतका वर नेलाय की तो एकटाच तिथे पोचतो. पट्टी दोन सुरांनी खाली आणावी, असं त्याला मी सांगितलंय. त्याला ते मान्य नाही. आमचा वाद चालू आहे.

ड्रम मात्र सगळे लॅपटॉपमधले आहेत. इलाजच नव्हता. फ्लॅटमध्ये ड्रमकिट वाजवलं तर दहाव्या मिनिटाला बेल वाजते. पण ज्या गावाचा ढोल महाराष्ट्रभर वरातीत आणि मिरवणुकीत नावानिशी मागवतात, त्या गावच्या रेकॉर्डवर खरं कातडं वाजू नये याची मला मनापासून रुखरुख आहे. पुढच्या रेकॉर्डसाठी त्याला ड्रमर मिळालाय, ढोलपथकातली दोन मुलंही तयार आहेत. हवी आहे ती जागा. उंच छत, फरशी, उघड्या भिंती, पडदे-गाद्या काही नकोत, नाद उसळला पाहिजे. चातुर्मासात आपली मंगल कार्यालयं बरीचशी रिकामी असतात. गंगापूर रोडला, पंचवटीत, कुठेही चालेल. तुमच्यापैकी कुणाचं कार्यालय असेल, किंवा चालवणाऱ्याशी ओळख असेल, तर चहाच्या वेळी मला किंवा थेट त्याला गाठा. तीन दिवस लागतील, आणि विजेचं बिल तो भरणार आहे.