तिथं जाऊन बघणार कोण?

(परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरची मंडळी, आणि लाईटचा भरवसा नसतानाही जमलेले श्रोतेहो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘अवकाश संशोधन : मानव की यंत्रमानव?’ दोन्ही पक्ष आपल्याला तोंडपाठ आहेत. एक म्हणतो, माणसाला हवा लागते, पाणी लागतं, जेवण लागतं, आणि वर त्याला जिवंत परतही आणावं लागतं. दुसरा म्हणतो, यंत्राला डोकं कुठंय? कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत हे ऐकून ऐकून मी निवृत्त झालो. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. ते सांगणारच आहे, पण आधी आमच्या विहिरीवरच्या मोटारीचं सांगतो. त्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

आमच्या धाकट्या भावानं, बापूनं, मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला. हसू नका, इथल्या निम्म्या लोकांनी बसवलाय. थ्री फेज लाईट रात्रीची. गव्हाला पाणी द्यायचं तर थंडीत दोन वाजता उठा, बॅटरी घ्या, बांधावरून सापकिरडू बघत जा. स्टार्टरमध्ये सिम असतं. घरून फोन लावला की मोटार सुरू, तेही गोधडीतून हात बाहेर न काढता. बापू इतका खूश झाला की पाहुण्यांनाही मोटार चालू-बंद करून दाखवायचा. आमच्या आईचं एकच म्हणणं होतं, ‘मेल्यानं फोनवर पाणी पाजलं, पण पिकाला कळलं का?’

एका रात्री फोनवर निरोप आला, मोटार चालू आहे. बापू झोपला. सकाळी मला म्हणतो, ‘दादा, मोटार तर चालू दाखवायलीय, मग पाणी कुठं गेलं?’ जाऊन बघतो तर गहू कोरडा. फूटवॉलमध्ये, म्हणजे पाइपाच्या खालच्या तोंडाच्या झडपेत, शेवाळ अडकून पाइपातलं पाणी उतरलेलं, आणि मोटार रात्रभर कोरडी फिरून जळलेली. रिवाइंडिंगवाल्यानं भरून देताना विचारलं, ‘ड्राय रनचं सेटिंग का केलं नव्हतं?’ पाणी नसलं की मोटार आपोआप बंद करणारं ते सेटिंग करायला स्टार्टरच्या कंपनीचा माणूस येणार होता. तो अजून यायचाय. फोन लावला की बाई गोड आवाजात सांगतात, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. पैसे घेताना मात्र दोघं जण आले होते, आणि चहाही पिऊन गेले.

आता बघा, स्टार्टर खोटं बोलला नव्हता. करंट होता, म्हणून त्यानं चालू सांगितलं. पाण्याबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मंगळावरही असंच झालं, तिथंही जाऊन बघणारं कुणी नव्हतं. २०१८ साली नासाचं ‘इनसाइट’ यान तिथं उतरलं. त्याच्यासोबत जर्मनांनी बनवलेली, हातभर लांबीची, स्वतःलाच ठोकत जमिनीत शिरणारी एक पहार होती. इंग्रजीत तिला ‘मोल’ म्हणायचे, म्हणजे जमीन उकरणारा प्राणी. पाच मीटर खाली जाऊन मंगळाच्या पोटातली उष्णता मोजायची, एवढंच तिचं काम. २०१९च्या फेब्रुवारीत ठोकायला सुरुवात झाली आणि ती वरच्या थरातच अडकली. आजूबाजूच्या मातीनं तिला धरूनच ठेवलं नाही, त्यामुळं ठोका बसला की जागच्या जागी उसळायची. मग यानाच्या हातानं बाजूनं दाबून बघितलं, वरून दाबून बघितलं. त्यात एकदा ती अर्धीअधिक बाहेरच आली. जवळजवळ दोन वर्षं हा खटाटोप चालला, आणि २०२१च्या जानेवारीत नाद सोडला. (मागून कुणीतरी : ‘बोअरवाल्याला बोलवायचं होतं!’) होय, पण तोही गाडी लावायच्या आधी अ‍ॅडव्हान्स मागतो. गंमत सोडा. तिथं एक माणूस उभा असता तर पायानं माती चेपून पुन्हा ठोकून बघितलं असतं की नाही? कदाचित तरीही गेली नसती. पण हे दोन वर्षांत न कळता दुपारपर्यंत कळलं असतं.

उलट बाजूची गोष्टही सांगतो, कारण ती माझी फार आवडती आहे. २००९चा मे महिना. पृथ्वीभोवती फिरणारी हबल दुर्बीण दुरुस्त करायला अंतराळवीर गेले होते. ही मोहीम आधी रद्द झाली होती. २००३ साली कोलंबिया यान परतताना फुटलं, आपली कल्पना चावला त्यात गेली, आणि पुढच्या वर्षी ठरलं की हबलसाठी माणसांचा जीव धोक्यात घालायचा नाही. रोबो पाठवून दुरुस्ती करता येईल का, याचा विचार झाला. तज्ज्ञांच्या समितीनं सांगितलं, वेळेत जमेलसं दिसत नाही. शेवटी माणसंच गेली. त्यातल्या माइक मॅसिमिनोकडं एका बंद पडलेल्या उपकरणाचं काम होतं. ते उपकरण तिथंच उघडून दुरुस्त करावं असं बनवलेलंच नव्हतं. झाकणालाच शंभरावर बारीक स्क्रू. त्याआधी वाटेतला एक दांडा काढायचा होता. त्याला चारच स्क्रू, आणि त्यातल्या एकाचं डोकं घासून गेलेलं. ड्रायव्हर नुसता फिरायचा. हे दुःख ज्यानं कधी जुना पंखा खोललाय त्याला कळेल. खाली इंजिनिअरांनी तसाच दांडा लावून किती जोर लागतो ते तपासलं आणि वर निरोप दिला, ओढ. अब्जावधी रुपयांच्या दुर्बिणीचा दांडा गड्यानं हातानं हिसडून काढला! पाचशेसाठ किलोमीटरवर, जाड हातमोजे घालून. उपकरण चालू झालं.

पण म्हणून ‘माणूसच श्रेष्ठ’ असं म्हणायला मी उभा नाही. समोरचा पक्ष दमदार आहे. जेम्स व्हॅन ॲलन यांचं नाव विद्यार्थ्यांनी ऐकलं असेल. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे त्यांनी १९५८ साली शोधले, तेही उपग्रहातल्या एका गायगर काउंटरनं, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायच्या यंत्रानं. माणूस अवकाशात जायच्या तीन वर्षं आधी. हे गृहस्थ आयुष्यभर विचारत राहिले, माणूस पाठवून विज्ञानाच्या पदरात नेमकं काय पडतं? आपल्या विक्रम साराभाईंचंही मत जवळपास तसंच. चंद्रावर माणूस पाठवण्यात श्रीमंत देशांशी स्पर्धा करायचं स्वप्न आपलं नाही, अवकाशाचा उपयोग गावातल्या माणसाला झाला पाहिजे. त्या विचारातून १९७५ साली उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही आला. चोवीसशे गावं. शेजारच्या गुलबर्ग्याला आला, विजापूरला आला, रायचूरला आला. आपल्याकडं? सीमेच्या अलीकडं काही नाही. अनुशेष आपला अवकाशातही आहे! (हशा)

आता शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होतंय. लोक विचारतात, किती पोरं लागणार? ते विचारायलाच पाहिजे. पण त्यातलं विज्ञान बघा. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा जमिनीवर, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी आदळलेल्या कृष्णविवरांची थरथर इथं टिपायची. तिथं ना माणूस जातो, ना यंत्र. हा तिसरा पक्ष कुणी पत्रिकेत छापत नाही.

पैशाचं पटकन सांगतो. चांद्रयान-३ला सुमारे ६१५ कोटी लागले. माणसं अवकाशात पाठवायच्या गगनयानचा मंजूर खर्च २०२४ साली २०,१९३ कोटींवर गेला. म्हणजे साधारण तेहतीस चांद्रयानं. हा हिशोब थोडा अन्यायाचा आहे, कारण गगनयानच्या रकमेत आठ उड्डाणं आहेत आणि आपल्या अंतराळ स्थानकाचा पहिला भागही आहे. तरी फरक डोळ्यांत भरतोच. ‘पण प्रेरणा?’ असं लगेच म्हणतात. २०२५ साली शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मेथी आणि मूग उगवून आले, पोरांना आनंद झाला, मलाही झाला. पण २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी तुम्ही काय करत होतात ते आठवा. चंद्रावर उतरलेल्या त्या चांद्रयानात कुणीही बसलेलं नव्हतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, ‘पाच मिनिटं’. म्हणजे मूळ मुद्दा पाच मिनिटांत.

माझं म्हणणं असं की हा वाद अंतराचा आहे, आणि अंतर मोजायचं संदेशाला लागणाऱ्या वेळात. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंद. रशियनांनी १९७०-७३मध्ये पृथ्वीवर बसून दोन लुनोखोद गाड्या चंद्रावर चालवल्या, दुसरी तर ३९ किलोमीटर. मंगळापर्यंत संदेश जायला तीन ते बावीस मिनिटं, यायला पुन्हा तेवढीच. तिथं गाडी खड्ड्यात चाललीय हे दिसेपर्यंत ती खड्ड्यात गेलेली असते. म्हणून मंगळावरच्या गाड्या मुंगीच्या पावलानं जातात. ‘ऑपॉर्च्युनिटी’नं ४५ किलोमीटर कापायला चौदा वर्षं घेतली. ठरलेलं आयुष्य नव्वद दिवसांचं होतं, तेव्हा तिला नमस्कारच. पण तिच्याच मोहिमेचे प्रमुख स्टीव्ह स्क्वायर्स सांगायचे, गाडीचं दिवसभराचं काम माणूस मिनिटाच्या आत करेल.

मग गंमत अशी होते की चंद्रावर माणूस पाठवणं त्यातल्या त्यात सोपं, पण तिथं यंत्र इथूनच चालवता येतं. मंगळावर माणसाची खरी गरज, आणि तिथं पाठवणं महाकठीण. जाऊन-येऊन अडीच-तीन वर्षं, वाटेतला किरणोत्सर्ग, आणि आजवर मंगळावर उतरवलेली सर्वांत जड वस्तू एक टनाची. माणसांना उतरवायचं तर वीसेक टन तरी लागतील.

‘अपोलो-१७चं काय?’ म्हणाल. बरोबर. १९७२ साली भूशास्त्रज्ञ हॅरिसन श्मिटना चंद्रावर नारिंगी माती दिसली, ज्वालामुखीच्या काचेचे मणी. अपोलोची माणसं मिळून ३८२ किलो दगडमाती घेऊन आली, आणि रशियाचं ‘लुना-१६’ १०१ ग्रॅम. पण ते तेव्हाचं यंत्र. चीनचं ‘चांग-ई-६’ २०२४ साली चंद्राच्या मागच्या बाजूची जवळजवळ दोन किलो माती घेऊन आलं. तिथं आजवर कुणाचं पाऊल पडलेलं नाही.

तोड काय? माणसं मंगळावर उतरवू नका, त्याच्या फोबोस नावाच्या चंद्रावर न्या. मंगळाच्या जमिनीपासून जेमतेम सहा हजार किलोमीटर. संदेशाला सेकंदाचा पन्नासावा भाग. तिथं बसून खालची यंत्रं हातातल्यासारखी चालवा. उतरायची जोखीम नाही, आणि आपले जंतू मंगळावर सांडून मग तेच ‘सापडले’ म्हणून नाचायची भानगड नाही. ही कल्पना माझी नाही, बरेच शास्त्रज्ञ ती मांडत आलेत. किरणोत्सर्गाचा प्रश्न तिथंही उरतोच. त्याचं उत्तर मी देणार होतो, त्याला दहा मिनिटं लागतात, आणि अध्यक्ष घड्याळ काढून बसलेत. ज्यांना ऐकायचंय त्यांनी खाली चहाच्या टेबलापाशी या. रेकॉर्डिंग खराब व्हायला नको असेल तर माईक आधी बंद करा, तो मघापासून शिट्टी वाजवतोय.