टाकीच्या तळाशी

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. ओटीवरचा दिवा अजून लागलेला नाही आणि माशांच्या टाकीवर पडतो आहे तो केवळ आमच्या कॅमेऱ्याचा मंद उजेड. वाळूवर निश्चल बसलेल्या, जेमतेम दोन इंच लांबीच्या या माशाकडे पाहा. तो एकाएकी सरळ वर झेपावतो, पाण्याचा पृष्ठभाग तोंडाने फोडतो आणि पापणी लवायच्या आत पुन्हा तळाशी येऊन बसतो. हेच दृश्य संथ केले, की त्याच्या शरीराच्या मागच्या टोकाकडून निसटणारा हवेचा बारीक बुडबुडाही दिसतो.

या माशाचे नाव कोरीडोरास; दुकानात त्याला नुसते 'कोरी' म्हणतात. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. कल्ले तर त्याला आहेतच, पण वरची हवा गिळून आतड्याच्या मागच्या भागातून तो तिच्यातला प्राणवायू रक्तात घेऊ शकतो. उरलेली हवा मागून बाहेर पडते, तोच मघाचा बुडबुडा. अधूनमधून असे वर जाणे ही त्याची नेहमीची सवय आहे आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. मात्र पहाटे या फेऱ्या वाढतात, कारण टाकीतल्या वनस्पती रात्रभर प्राणवायू तयार करत नाहीत, उलट वापरतात, आणि उजाडायच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी झालेला असतो. म्हणूनच आम्ही चित्रीकरणासाठी ही वेळ निवडली. दुपारी याच टाकीसमोर बसलो असतो, तर मासा सुखात आहे असे समजून परतलो असतो.

कोरी हा कॅटफिश; आणि कॅटफिश म्हटले, की किनाऱ्यावरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर शिंगाळा उभा राहतो. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी पुळणीवरच लिलाव मांडला जातो, त्यात हे मिशाळ मासे दिसत आहेत. त्यांना हात लावताना कोळीण आधी काटे कुठे आहेत ते बघते; तो काटा लागला की हात ठणकत राहतो. शिंगाळ्याचा नर पिल्ले बाहेर येईपर्यंत अंडी स्वतःच्या तोंडात सांभाळतो. टाकीतला कोरी हा याच मोठ्या गणगोतातला एक लहानसा भाऊबंद. त्याच्या कल्ल्यांमागेही काटे आहेत आणि जाळीने पकडायला गेले, तर ते जाळीत अडकून मोडतात किंवा माशाला जखम करतात. ही टाकी ज्यांच्या घरात आहे, त्या काकी म्हणूनच जाळीऐवजी पारदर्शक पेला वापरतात.

दापोली तालुक्यातील या घरात पहिले कोरी आले ते 'सफाईवाला' म्हणून. टाकीत एक-दोन सोडा, तळाची घाण तेच खातील, असे दुकानदाराने सांगितले होते. हा समज इतका पक्का आहे, की आम्ही ज्या-ज्या दुकानात गेलो तिथे तो ऐकला. वस्तुस्थिती अशी, की कोरी विष्ठा खाऊन जगत नाही. कोरी वाळू तोंडात घेतो, कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि तिच्यातले किडे, अळ्या, सांडलेले दाणे तेवढे ठेवून घेतो. घाण तो खात नाही, तर घाणीत राहतो. कारण टाकीत जे-जे सडते ते तळाशीच जमते, सडताना तिथलाच प्राणवायू संपवते आणि या माशाचे नाक, तोंड, मिशा चोवीस तास तिथेच असतात. आता हे निकट दृश्य पाहा. डावीकडच्या माशाच्या मिशा लांब आणि टोकदार आहेत. उजवीकडचा मासा दुसऱ्या घरातून आणलेला आहे; त्याच्या मिशांच्या जागी केवळ खुंट उरले आहेत. अस्वच्छ तळाशी बसून होणाऱ्या जंतुसंसर्गाने मिशा अशा झिजतात.

आता पाण्याकडे वळू, कारण कोकणात खरी गोष्ट तिथेच सुरू होते. मागीलदारची ही विहीर जांभ्यात खोदलेली आहे. राहाटाचा आवाज, वर येणारी कळशी, नितळ पाणी आणि कडेच्या चिऱ्यांवर उगवलेले नेचे हे सारे पाहून यापेक्षा चांगले पाणी कोणते, असे वाटणे स्वाभाविक आहे. कोरीला मृदू पाणी मानवते हेही खरे. तथापि जांभ्यातल्या पाण्यात क्षार फार थोडे असतात आणि आम्लता सावरून धरण्याची ताकद त्यात नसते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. या रूपांतरात पाण्यातले ते थोडेसे क्षारही खर्ची पडतात. पाणी बरेच दिवस बदलले नाही, की पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, सातावरून सहाच्या खाली घसरतो, म्हणजेच आम्लता वाढते, जिवाणूंचे काम मंदावते आणि पाणी दिसायला तितकेच नितळ राहते.

काकींनी यावर शोधलेला उपाय स्वयंपाकघरातला आहे. तिसऱ्यांची, म्हणजे खाण्याच्या लहान शिंपल्यांची, कालवणातून उरलेली टरफले त्या उकळतात, घासतात, उन्हात वाळवतात आणि पाट्यावर जाडसर ठेचून जुन्या मोज्यात भरतात. ही पुरचुंडी फिल्टरच्या पाण्याच्या वाटेवर टांगलेली दिसते आहे. शिंपल्यातले कॅल्शियम कार्बोनेट आम्ल पाण्यात सावकाश विरघळते आणि पीएच धरून ठेवते. मात्र टाकी आधीच बिघडलेली असेल, तर हे करण्यापूर्वी पाणी बदलणे आवश्यक आहे. अमोनियाचा विषारी अंश पीएचवर अवलंबून असतो. 25 अंश तापमानाला पीएच 7 असताना तो एकूण अमोनियाच्या सुमारे अर्धा टक्का असतो, पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या पुढे जातो. साचलेल्या अमोनियात एकदम शिंपले टाकणे म्हणजे झोपलेल्या विषाला जागे करणे होय. पुळणीवरची वाळू फुकट मिळते म्हणून तळाला पसरणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे, कारण तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा दोन्ही असतात.

विहिरीची दुसरी अडचण पावसाळी आहे. ग्रामपंचायतीचा माणूस सार्वजनिक विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर टाकताना येथे दिसतो आहे. माणसांच्या आरोग्यासाठी ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशीचे पाणी तसेच टाकीत ओतले, तर क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि स्पंजमधले जिवाणू मारते. पाणी पिंपात भरून, हवा सोडून चोवीस तास ठेवावे, किंवा थायोसल्फेटचे, म्हणजे दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळणारे, औषध मापाने घालावे. या घरात एकदा स्पंज त्याच पाण्याखाली खळखळून धुतला गेला होता. स्पंज स्वच्छ झाला आणि आठवड्यात सहा मासे गेले.

त्या सहा माशांचे मरण समजून घेण्यासारखे आहे. जिवाणूंची साखळी तुटली, की पाण्यात नायट्राइट साठते. ते कल्ल्यांतून रक्तात जाते आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करते. रक्त तपकिरी पडते. असा मासा पुन्हा-पुन्हा वर येऊन हवा गिळतो, ती आतड्यात पोहोचतेही, पण वाहून नेणारेच राहिलेले नसते. पाण्याची शुद्धता आणि प्राणवायू या दोन वेगळ्या बाबी समजून एअर पंप मोठा आणणारे लोक इथे फसतात. आता स्पंज पिळला जातो तो टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. बादलीतला हा चहासारखा रंग त्याचाच आहे.

नळीने तळ उपसण्याचे काम आठवड्यातून एकदा होते आणि ते सगळे आम्ही न थांबता टिपले आहे. नळीचे रुंद तोंड वाळूत किंचित रोवले, की वाळू आत उसळते, जड म्हणून खाली बसते आणि हलका गाळ तेवढा नळीतून निघून जातो. टाकीतले एक चतुर्थांश पाणी गेले, की हात थांबतो. तेवढेच पाणी, त्याच तापमानाचे, बारीक धारेने परत. गाळाची बादली मागच्या अळवाला.

आता हवेविषयी. एअर पंपाच्या बुडबुड्यांतून थेट पाण्यात उतरणारा प्राणवायू थोडा असतो. बुडबुड्यांचे मोठे काम म्हणजे तळाचे पाणी वर उचलून आणणे आणि पृष्ठभाग हलता ठेवणे. प्राणवायूची देवघेव मुख्यतः त्या हलणाऱ्या पृष्ठभागावर होते. 20 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साधारण साडेसातच; आणि नेमक्या त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढलेली असते. वैशाखात या ओटीवरच्या टाकीतला पारा तिशी ओलांडतो. टाकीवर पंखा लावावा, असे घाटावरचे मित्र सांगतात. तिकडच्या कोरड्या हवेत पाणी उडून जाऊन टाकी चांगली थंड होते. इथल्या दमट हवेत पंख्याचा तेवढा उपयोग होत नाही. त्यापेक्षा टाकी भिंतीच्या उन्हापासून दूर सरकवणे, फिल्टरची धार उंचावरून पाडणे आणि उन्हाळ्यात दाणे निम्मे करणे अधिक उपयोगी ठरले आहे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा शेजारच्या दापोली-मंडणगडातही घरांची कौले उडाली आणि वीज कित्येक दिवस आली नाही. त्या दिवसांचे चित्रण आमच्याकडे नाही. कॅमेरा धरायला कोणाचे हात मोकळे नव्हते. काकी तासातासाने कळशीभर पाणी टाकीतून काढून उंचावरून पुन्हा आत ओतत आणि दाणे पूर्ण बंद ठेवलेले होते. निम्मे मासे राहिले. आता आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत सुक्या मासळीच्या डब्याशेजारी बॅटरीवर चालणारा हा छोटा पंपही असतो.

टाकीत मोठे झालेले 'सकर' मासे वहाळात सोडणाऱ्यांविषयीही एक वाक्य येथे आले पाहिजे: हा परदेशी कॅटफिश देशातल्या अनेक तलाव-नद्यांत पसरला आहे आणि तो परत गोळा करता येत नाही.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला आहे. पागोळ्या अजून गळत आहेत. हवा गार झाली आहे आणि काकींनी पिंपातले थंडावलेले पाणी सकाळीच टाकीत सोडले आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पावसाळी नद्यांची सवय या माशांच्या अंगात आहे, त्यामुळे थंड, ताजे पाणी मिळाले की ते विणीला लागतात. ही मादी पाहा. पोटाखालचे दोन पर जोडून तिने त्यांची ओंजळ केली आहे. त्या ओंजळीत काही अंडी आहेत. ती काचेवर एक जागा तोंडाने साफ करते आणि पोट टेकवून अंडी तिथे चिकटवते. पंपाचे बुडबुडे सोडणाऱ्या एअर स्टोनच्या वरच्या बाजूला, जिथे पाणी सतत हलते, तिथेच तिने बहुतेक अंडी लावली आहेत. तीन-चार दिवसांत पिल्ले फुटतील. तोवर पांढरी पडलेली, बुरशी धरलेली अंडी काकी रोज चिमट्याने एकेक करून काढतात, म्हणजे शेजारच्या अंड्यांना बुरशी लागत नाही.