कॅन्टीनसमोरच्या घागरी

(सकाळ. पेल्यांचा किणकिणाट.)

छत्रपती संभाजीनगरातल्या एका कॉलेजचं कॅन्टीन. साडेआठ वाजलेत. दारापासून लिंबापर्यंत रिकाम्या घागरींची रांग. स्टीलच्या, प्लॅस्टिकच्या, दोन-तीन पोचे आलेल्या पितळी. रांगेत माणूस मात्र एकही नाही.

पहिली चौकशी गार्डची. "पाणी बंद हाय का?" मेसच्या मावशींनी चौकशीही केली नाही. आपली कळशी आणली, रांगेच्या शेवटी ठेवली, कामाला गेल्या. ही रांग मांडणाऱ्या बी.एफ.ए.च्या, म्हणजे चित्रकला-शिल्पकला शिकणाऱ्या पोरांनी ती हलवली नाही. शहाणीच म्हणायची!

(रिकामं कलादालन.)

हेच मांडणशिल्प, म्हणजे वस्तू मांडून केलेली कलाकृती, आधी इथं लागलं होतं. तीन दिवस. शेजारी टाइप केलेली टीप. बघायला आले ते विभागातलेच विद्यार्थी आणि त्यांचे सर. बाकीचे बाहेरूनच म्हणायचे, मॉडर्न आर्ट आपल्याला नाही कळत.

1917 मध्ये मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकारानं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला चिनी मातीचं मूत्रपात्र पाठवलं आणि नाव दिलं 'कारंजं'. आयोजकांनी ते मांडलंच नाही. इथं कॅन्टीनसमोर परवानगी मिळाली. 'कचरा होणार नाही' असं लिहून द्यावं लागलं, एवढंच.

(घागरींभोवती घोळका.)

बीड-जालन्याच्या पोराला रिकामी घागर समजायला द्युशाँ लागत नाही. टँकर रात्री किती वाजता यायचा, आपली घागर कुणी मागं सारली, त्यावरून कुणाचं कुणाशी बोलणं तुटलं, तो आपणहून सांगायला लागतो. कॉमर्सची एक मुलगी विचारते, "मधली एकच उलटी का ठेवली?" कलादालनातल्या अभिप्रायाच्या वहीत हा प्रश्न नव्हता. तिथं सगळीकडे 'छान', 'खूप छान'.

(अजिंठा. 17 क्रमांकाच्या लेण्यातली भिंत.)

इथून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा. 1, 2, 16, 17 या लेण्यांतली चित्रं आपण तिकीट काढून बघतो. पण हे चारही विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या जागा. आपल्या भाषेत होस्टेल. मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, त्यावर जातककथा. ज्या ओसरीतून रोज ये-जा, तिथल्याच भिंतीवर. आपल्या होस्टेलात भिंतीला चिकटपट्टी लावली तरी रेक्टर ओरडतात, ते सोडा.

(संध्याकाळ.)

पोरं घागरी उचलून टेम्पोत भरतात. कळशी तेवढी उरते. मावशी हात पुसत बाहेर येतात, आत डोकावतात.

"भरली न्हाई का रे आजून?"